दोन संग्रहालयं आणि आक्कांची पिशवी

आम्हा करमाडच्या माणसांना छत्रपती संभाजीनगर काही परकं नाही. दवाखाना, लग्नाचा बस्ता, कॉलेजची ॲडमिशन, कोर्टाची तारीख, सगळं तिथंच. पण शहर बघायला म्हणून आम्ही कधी जात नाही. पाहुणे आले की त्यांना वेरूळच्या आणि मकबऱ्याच्या गाडीत बसवून देतो आणि आपण घरी स्वयंपाकाला लागतो. शहरात इतिहासाची संग्रहालयं आहेत हे मला चाळिशी उलटली तरी फक्त बसच्या खिडकीतून माहीत होतं. आता मी जाऊन आले आहे, म्हणून जाणकारासारखं सांगते: रविवार मोकळा असेल तर जरूर जा. तिकीट नावापुरतं, डबा घरचा, सावली भरपूर. फक्त निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पिशव्या उघडून बघा.

करमाड, सकाळ

त्याचं झालं असं, की माझे सासरे आप्पा यांच्या पित्ताशयात खडे निघाले आणि बुधवारी ऑपरेशन ठरलं. आप्पांचं वय सत्तरीच्या आसपास, नेमकं त्यांनाही ठाऊक नाही. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, निम्मं शेतात. डॉक्टर म्हणजे मेंढरांचा, एवढीच त्यांची ओळख. "भूल दिली आन् उठलोच नाय तर?" हे त्यांनी सर्जनला विचारलं, मग मला, मग दूधवाल्याला. दूधवाला म्हणाला, "उठताल की, आप्पा." त्यावर आप्पांचा विश्वास बसला नाही, कारण तो दुधाबद्दलही असंच बोलतो.

शनिवारी त्यांनी जेवण अर्धं ठेवलं. तेव्हा माझा नवरा म्हणाला, "उद्या त्यांना कुठंतरी फिरवून आण, जीव रमेल. मला कंपनीत ड्यूटी आहे." कल्पना त्याची आणि पायपीट माझी, ही आमच्या घरची जुनी वाटणी. मी मकबरा सुचवला. आमची तन्वी, वय अकरा, मॉल म्हणाली. आप्पा म्हणाले, "मला कुठं न्यायचं नाय. बुधवारी एकदाच न्या."

आणि आक्का म्हणाल्या, "म्युझियम."

आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत राहिलो. आक्का या आप्पांच्या थोरल्या बहीण. यजमान गेल्यापासून बारा-तेरा वर्षं आमच्याकडंच असतात. आजवर त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. चहा कमी गोड झाला तरी सांगत नाहीत. घरात कुणा सवाष्णीची ओटी भरायची वेळ आली की न सांगता आत जातात आणि फ्रिज उघडून उभ्या राहतात. त्या राहायला आल्या त्या वर्षी मी एकदा विचारलं होतं, "काय शोधताय, आक्का?" तर म्हणाल्या, "काय नाय, दूध बघते." पुढं मी विचारायचं सोडलं. अशा बाईनं तोंड उघडून म्युझियम म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? तन्वीला शाळेचा प्रकल्प होताच. मी रात्रीच कणीक, ज्वारी, बेसन एकत्र करून धपाट्यांची तयारी करून ठेवली. आप्पांना तेल बंद, म्हणून त्यांची चार धपाटी कोरडी भाजायची ठरली, आणि त्यांचा चेहरा आणखी पडला.

सकाळी जालना रोडला उभं राहिलो. शेअर जीपमध्ये मागच्या बाकावर आम्ही चौघं, समोर तीन बाया आणि एक कोंबडा. आक्कांनी मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. मी म्हटलं, "द्या इकडं, खाली ठेवते." तर म्हणाल्या, "खाली नाय ठेवायची." शेवटी जागाच नसल्यामुळं ती बाकाच्या तुटक्या पत्र्याला टेकून बसवावी लागली. या पत्र्याचं पुढं काम आहे, म्हणून सांगून ठेवते.

क्रांती चौक आणि तलवारी

क्रांती चौकात उतरून चहा घेतला. आप्पांचा बिनदुधाचा. समोर भजी तळत होती आणि आप्पा कढईकडं टक लावून बसले होते. मी त्यांची खुर्ची दुसऱ्या बाजूला वळवली.

रिक्षावाल्याला म्युझियम सांगितलं तर तो मागं वळून आक्कांनाच म्हणाला, "म्युझियम कू कायको जाते, अम्मा? पुराना सामान रखे हैं वहाँ. मकबरा चलो, फोटू अच्छे आते."

"मकबरा नक्को," आक्का म्हणाल्या. "म्युझियमात माझं माणूस हाय."

मला वाटलं, त्यांचा कुणी भाचा-पुतण्या तिथं शिपाई असेल, आणि आता त्याच्या घरी जेवायला जावं लागेल. मी मनातल्या मनात धपाटी मोजली.

पहिलं संग्रहालय हत्यारांचं. दाराशी पिशव्या जमा करून बिल्ला घ्यायचा असतो. टेबलावरच्या माणसानं आक्कांची पिशवी सहज वर उचलली, हातात तोलली आणि उघडून बघितली. आत हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, कुंकवाची डबी आणि तळाशी मोकळेच टाकलेले तांदूळ.

"मावशी," तो म्हणाला, "हे इतिहासाचं संग्रहालय आहे. देवळात जायचं होतं का?"

"मला ठावं हाय," आक्का म्हणाल्या. "तुमच्याकडं दगडाच्या बाया कुठं ठेवल्यात?"

मागं रांग लागली होती. मी आक्कांना बाजूला घेतलं. तिथं, चपलांच्या रॅकजवळ उभं राहून, त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. आप्पा लहानपणी हरवले होते तेव्हा आक्कांनी गंगापूरकडच्या एका देवीला ओटीचा नवस बोलला होता. तो फेडायचा राहिला, कारण देवीच म्युझियमला नेली. "आन् नवस बाकी ठेवून मी माझ्या भावाला टेबलावर झोपू द्यायची नाय. बुधवारच्या आत फिटला पायजे."

म्हणजे आमची मौजेची सहल ही सहल नव्हतीच. आम्ही देवीचा पत्ता शोधत निघालो होतो आणि हे फक्त एकट्या आक्कांना माहीत होतं. मला राग आला, हसूही आलं. मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "तू नाय म्हणली असती." ते खरंच होतं.

बिल्ला घेऊन आत गेलो. तन्वी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती आणि वहीत उतरवत होती. आप्पा चिलखतापुढं बराच वेळ थांबले. "एवढं लोखंड घालून माणूस पळायचा कसा?" मग म्हणाले, "त्यापरीस घोंगडं बरं. थंडी अडती, पाऊस अडतो, काठी बी लागत नाय." कट्यारी, नाणी, जुने कागद सगळं त्यांनी नीट पाहिलं. तासाभरात त्यांच्या तोंडून एकदाही बुधवार निघाला नाही, हे मी टिपून ठेवलं. आक्कांनी मात्र सगळं दालन दहा मिनिटांत पालथं घातलं. तलवारीकडं ढुंकून पाहिलं नाही. परत येऊन म्हणाल्या, "हितं नाय. सगळ्या बापयांच्याच वस्तू हायेत."

टेबलावरच्या माणसानं पिशवी परत देताना स्वतःहून सांगितलं, "मूर्ती डोंगराकडच्या महालात जास्त आहेत, मावशी. तिकडं बघा." पिशवी घेताना तळ थोडा उसवलेला मला दिसला. पण रिक्षा समोर उभी होती, आणि मी दुर्लक्ष केलं.

धपाटी

महाल डोंगराच्या अगदी पायथ्याला आहे. शहर मागं राहतं, गाड्यांचा आवाज थांबतो आणि समोर उघडा तपकिरी डोंगर. आप्पा रिक्षातून उतरले आणि पहिल्यांदा त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "चराई बरी हाय," म्हणाले. आवारात झाडाखाली बसून आम्ही डबे उघडले. शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा. आप्पांनी कोरडं धपाटं उचललं, माझी नजर चुकवून तन्वीच्या तेलाच्या धपाट्यावर पालथं घातलं, दाबलं, आणि मग खाल्लं. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

नवसाची सगळी हकिकत मी तिथं ऐकली. हकिकती दोन आहेत.

आक्कांची अशी: मेंढरं घेऊन गोदावरीकडं उतरत होतो. मी बारा वर्षांची, हा सात. धुक्यात हा मागं राहिला. दोन रात्री पत्ता नाही. आई आडवी पडली. मी वाटेवरच्या देवीपुढं बसले आणि म्हणाले, भाऊ मिळू दे, हिरवा खण, नारळ आणि पाच मुठी तांदूळ घालीन. तिसऱ्या दिवशी हा मिळाला. खणाला पैसे कुठले, म्हणून बाप म्हणाला पुढच्या साली. पुढच्या साली त्या वाटेनं आलो तर देवी जागेवर नाही. लोक म्हणाले, शहराच्या म्युझियमला नेली.

आप्पांची अशी: "मी हरवलो नव्हतो. दुसऱ्या बिऱ्हाडात कालवण चांगलं होतं, मी तिथं राहिलो."

"दोन रात्री?"

"दोन्ही रातच्याला चांगलं होतं."

"देवी ओळखणार कशी, आक्का?" मी विचारलं. "साठ वर्षं झाली."

"ओळखीन की. तिच्या उजव्या अंगाला खाच हाय. शेतावर जाताना सगळ्या बाया धारेसाठी तिथंच इळे घासायच्या. मी बी घासलाय. आई म्हणायची, देवी तेवढ्यासाठीच वाटंवर बसलीय."

मग त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सापडली तर ओटी तू भर, सविता. माझ्या हातची चालायची नाय." धपाट्याचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला. फ्रिजपुढं उभ्या राहणाऱ्या आक्का मला आठवल्या आणि वाईट वाटलं, इतकी वर्षं आपण ते चालवून घेतलं याचं. पण वाईट वाटलं तरी मी "बरं" म्हणाले.

महाल

जाड भिंतींमुळं आत गारवा होता. ओळीनं मूर्ती मांडलेल्या. कुणाचा हात नाही, कुणाचं डोकं नाही. तन्वी वाचत पुढं, तिच्यामागं आप्पा, मागं मी. आक्का पिशवी पदराखाली धरून प्रत्येक मूर्तीच्या उजव्या बाजूला वाकून बघत होत्या. समोरून कुणी देव कितीही प्रेमानं हसत असला तरी त्या आधी त्याची बरगडी तपासायच्या.

शेवटच्या कोपऱ्यात त्या थांबल्या. गुडघ्याएवढी काळ्या दगडाची बाई, नाक तुटलेलं. तन्वीनं पाटी वाचली, "स्त्रीदेवता. नाक भग्न. उजव्या बाजूस झीज."

"झीज नाय ती," आक्का म्हणाल्या. त्यांनी बोट पुढं केलं आणि खाचेत ठेवलं. बोट बरोब्बर बसलं. "इळा हाय."

त्या रडतील असं मला वाटलं होतं. पण आक्का देवीला म्हणाल्या, "नाक कुठं घालवलंस गं?"

"हात लावायचा नाय, मावशी."

दारात एक बाई उभ्या होत्या. साडीवर खाकी शर्ट, हातात केरसुणी, वय पन्नाशीचं. त्या दालनाच्या राखणदार. शर्टावरच्या पट्टीवर नाव होतं, लंकाबाई. त्यांनी केरसुणीनं जमिनीकडं दाखवलं. फाटकापासून दारापर्यंत, दारापासून एकेका मूर्तीपाशी थांबत थांबत, या कोपऱ्यापर्यंत तांदळाची बारीक रेघ आली होती. जीपच्या पत्र्यानं उसवलेली पिशवी सगळा वेळ गळत होती.

"हे कुणाचं?" लंकाबाई म्हणाल्या.

"चिमण्या असतील," आप्पा म्हणाले.

"चिमण्या तांदूळ खातात, आप्पा. सांडत नाय." मग लंकाबाईंनी पिशवी बघितली, नारळाचा आकार बघितला आणि सगळं ओळखलं. असे लोक त्यांनी आधीही पाहिले असणार. "मावशी, हितं कुंकू नाय, नारळ नाय, ओटी नाय. मुंग्या होत्यात. दगड खराब होतो. माझी नोकरी हाय ही."

आप्पांना सुटायची वाट दिसली. "आक्का, तसं बी भंगलेल्या मूर्तीची ओटी भरत नसत्यात. चल."

"माझे दात पडले," आक्का म्हणाल्या, "म्हणून तू मला बहीण म्हणायचं सोडलं का?"

मग आप्पांनी काय केलं, तर लंकाबाईंच्या हातातून केरसुणी घेतली आणि दाराकडून झाडायला लागले. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, या माणसाच्या हातात मी केरसुणी पाहिलेली नव्हती. तन्वीनं फोटो काढायला मोबाईल मागितला, मी दिला नाही. झाडत झाडत ते मूर्तीजवळ आले, वाकलेलेच राहिले, आणि हळूच लंकाबाईंना म्हणाले, "बाई, काहीतरी करा. बुधवारी माझं पोट फाडणार हायेत. मला लई भ्या वाटतं."

कालवणाच्या थापा मारणाऱ्या आप्पांच्या तोंडून हे ऐकून आक्का एकदम खाली बसल्या. नियम लंकाबाईंनी केला नव्हता आणि मोडायचा तर त्यांचीच नोकरी.

तेव्हा मला युक्ती सुचली आणि मी स्वतःवर खूश झाले. माझ्या माहेरी असं करतात: देवीपर्यंत पोचता आलं नाही तर तिच्या नावानं सवाष्णीची ओटी भरायची. मी म्हटलं, "लंकाबाई, तुम्ही दिवसभर हिच्याजवळ असता. बाहेर झाडाखाली तुमचीच ओटी भरू का, देवीच्या नावानं? आत काही सांडणार नाही."

लंकाबाईंनी शर्टाची कॉलर बाजूला केली. गळ्यात काही नव्हतं, कपाळावरही. मी ते बघितलंच नव्हतं. "ताई, मी नाय," त्या म्हणाल्या. "आमचं मालक जाऊन सहा वर्षं झाली."

मला जमिनीत जावंसं वाटलं. आप्पा केरसुणीला टेकून उभे. तन्वीनं वही बंद केली.

आक्का मात्र लंकाबाईंकडं बघत होत्या. "लंकाबाई, सकाळी हिचं काय करतीस तू?"

"काय करायचं? मऊ फडक्यानं पुसते. नाकापाशी जरा जपून."

"रोज?"

"सुट्टी सोडून रोज."

"आन् ती तुला कधी म्हणाली का, मागं सर?"

लंकाबाई हसल्या. "नाय म्हणली."

आक्का उठल्या. माझ्यासमोर येऊन त्यांनी पिशवी पुढं केली. मला वाटलं, पिशवीचं तोंड धरायला सांगतायत. पण त्यांनी पिशवी माझ्याकडं दिलीच नाही. खण काढून स्वतःच्या खांद्यावर टाकला, नारळ हातात घेतला आणि म्हणाल्या, "चल बाहेर. मीच भरते."

लंकाबाईंच्या जेवणाच्या सुट्टीत, पायरीच्या खाली, झाडाच्या सावलीत ते झालं. लंकाबाईंनी शर्टाची दोन बटणं काढून आत खोचलेला पदर ओढून बाहेर काढला आणि पसरला. अडचण तांदळाची. पाच मुठी बोललेल्या, पिशवीत उरले होते जेमतेम दोन. आप्पा म्हणाले, "मी झाडून गोळा केलेत की." ते केराच्या सुपलीत आणून दाखवलेही. त्यात एक बसचं तिकीट होतं, दोन गुंड्या आणि मेलेलं झुरळ. ते कुणी घेतले नाहीत.

आक्कांनी थोडा विचार केला. मग तन्वीचा हात धरून पुढं ओढला. "नवस बोलले तवा माझी मूठ एवढीच होती," म्हणाल्या. "देवीनं ती मोजली असंल, आताची नाय."

तन्वीनं पिशवीतून मूठ भरायची, आक्कांच्या ओंजळीत सोडायची, आक्कांनी पदरात. पाच झाल्या. तळाला चार दाणे उरले, ते आप्पांनी तोंडात टाकले. डबी उघडल्यावर लंकाबाई म्हणाल्या, "कुंकू राहू द्या, मावशी." आक्कांचं बोट थांबलं. "बरं," म्हणाल्या, "आज राहू दे," आणि डबी मिटली.

मग लंकाबाई ओटी पदरात धरून आक्कांच्या पाया पडायला वाकल्या, आणि त्याच वेळी आक्का लंकाबाईंच्या पाया पडायला वाकल्या. दोघींची डोकी आपटली. आप्पा इतके हसले, की पोट धरून पायरीवर बसले आणि म्हणाले, "खडे हालले."

परत करमाड

बुधवारी आप्पा टेबलावर झोपले आणि उठले. उठल्यावर पहिलं वाक्य, "कालवणाचा वास येतोय." ते दवाखान्याचं जंतुनाशक होतं. खडे डॉक्टरांनी छोट्या बाटलीत घालून दिले. बाटली आता टीव्हीशेजारी आहे आणि तिच्यावर तन्वीनं पाटी चिकटवली आहे: "खडे. आप्पांच्या पोटातील. हात लावू नये." येणाऱ्या-जाणाऱ्याला आप्पा ती बाटली उजव्या अंगानं दाखवतात.

तिकीट, जीप, रिक्षा आणि चार चहा, त्यातला एक बिनदुधाचा, एवढ्यात आमचा दिवस झाला. आम्ही पाहिलं त्यापेक्षा बरंच काही बघायचं राहिलं. तुम्ही जाल तेव्हा महालातल्या शेवटच्या कोपऱ्यात उजवीकडून बघा. हात लावू नका, लंकाबाई असतात.

मागच्या आठवड्यात माझी नणंद आप्पांना भेटायला आली होती. संध्याकाळी ती निघाली तशी मी तिला पाटावर बसवलं आणि ताटात तांदूळ, नारळ घेतला. सवयीनं माझं लक्ष स्वयंपाकघराकडं गेलं. फ्रिज बंद होता. मी ताट उचलायला वाकले तर मागून कुणीतरी माझ्या कमरेला कोपर लावलं.

"सरक जरा," आक्का म्हणाल्या. "माझा हात पोचत नाय."